खाणीचा बंदोबस्त

आमच्या मजल्यावरचे अंकल मूळचे किनाऱ्यावरच्या उत्तन गावचे. आफ्रिकेतल्या एका तांब्याच्या खाणीवर बरीच वर्षं स्वयंपाकी होते. आता आमच्या पूनम सागर सोसायटीत भाजीवाल्याशी हिंदीत कडाकडा भांडतात आणि भांडून झालं की त्याच्याकडूनच भाजी घेतात. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, म्हणून मला ‘ग्रॅज्युएट’ म्हणतात. टोमणाच असतो तो, पण मला आवडतो.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेटवर बंदूकवाला ठेवायचं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. अंकल उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो.

“अंकल, सेफ्टी नको का आपल्याला?”

“तिकडं सेफ्टी लय होती, ग्रॅज्युएट. बाहेरच्या देशानं बंदुका दिल्या, गाड्या दिल्या. तिथल्या सरकारला मदत म्हणून आल्या नि समद्या खाणीभोवती उभ्या र्‍हायल्या. तांबं त्या बाहेरच्यांनाच न्यायचं होतं ना.”

“मग?”

“माझ्या हाताखालचा माणूस बाजूच्या गावातला. एका सकाळी गावावर टोळी आली. कुंपणातून धूर दिसत होता. खाणीवरच्या शिपायांना खाण सोडायचा हुकूम न्हाय. माझा माणूस त्या दिवशी कामाला आला न्हाय, मंग कधीच न्हाय.”

अशा देशांना मदत लागतेच, असं काहीतरी शिकलेलं माझ्या तोंडात आलं होतं.

अंकल जिन्याचा कठडा धरून हळू बोलले, “त्याच दुपारी त्या शिपायांना मीच वाढलं. पोटभर जेवले.”