आत्यांची काचेपलीकडची अक्षरं

वाचायला बसण्याआधी आत्या हातातल्या बांगड्या काढून रुमालात बांधायच्या. घड्याळ दाराबाहेर ठेवायच्या. कडक इस्त्रीचे कपडे त्या दिवशी घालायच्या नाहीत. कापड सळसळलं की माइक ते पकडतो. कोमट पाण्याचे दोन घोट घ्यायच्या, तिसरा कधीच नाही. चुकल्या तर माइकची माफी मागायच्या, माणसांची नाही. गमतीचा उतारा आला की आधी मनाशी पोटभर हसून घ्यायच्या आणि मग कोऱ्या चेहऱ्याने वाचायच्या. पुस्तकात कुणी मरायला टेकलं की उभ्या राहून वाचायच्या. का, ते कुणी विचारलं नाही.

त्या कुणाच्या आत्या होत्या, तर एका भाच्याच्या. तो एकदा त्यांना केंद्रात सोडायला आला, दारातून ‘आत्या, छत्री राहिली!’ म्हणून ओरडला आणि त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्याच आत्या झाल्या. जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्यावर घरात गप्प बसून घसा गंजेल, म्हणून या केंद्रात आल्या. इथे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात.

काचेच्या एका बाजूला आत्या आणि माइक. दुसऱ्या बाजूला रेकॉर्डिंग करणारी मुलगी. साहित्याची पदवी घेऊन ती या नोकरीला लागली होती. पहिल्याच दिवशी आत्यांनी तिला विचारलं, “एवढं शिकलीस, मग बटणं दाबायला कशी आलीस गं?”

“बटणं दाबता दाबता पुस्तकं ऐकायला मिळतात.”

“लबाड आहेस. टिकशील.”

दोघींच्या वयात आजी-नातीचं अंतर होतं. मैत्री झाली ती मात्र बरोबरीची.

मग आत्यांचे डोळे मंदावले. पुस्तकाची पानं मोठी करून छापून घेतली, तर एका पुस्तकाचे तीन गठ्ठे झाले. पानं जास्त, म्हणजे सळसळही जास्त. आत्या गठ्ठा शालीवर ठेवायच्या आणि पान न उचलता बाजूला सरकवायच्या. तरी प्रत्येक पानाला माइकमध्ये वाळकं पान चुरगळल्यासारखा आवाज यायचा. संचालक सज्जन माणूस. एकदा चहा पिताना म्हणाले, “आत्या, खूप वर्षं केलंत. हे हातातलं पुस्तक होऊ दे. मग आराम करा.”

आत्यांनी कप खाली ठेवला. “आराम मी घरी करतेच की. इथे मी कामाला येते.”

पण बाहेर आल्यावर जिन्यात त्या कठडा धरून थांबल्या. मुलगी शेजारी होती. “पोरी, हे गेलं ना,” त्या म्हणाल्या, “तर दिवसभरात मला कुणाशी एक वाक्य बोलायची गरज उरणार नाही.” आणि उतरायला लागल्या.

हातातलं पुस्तक म्हणजे खानावळ चालवणाऱ्या दोन बहिणींची जाडजूड कादंबरी होती. धाकटी भांडून घर सोडते. थोरली चूल सांभाळते. कादंबरी एका वकिलांनी मागितली होती. ते जन्मापासून आंधळे. कोर्टात जाता-येता ऐकायचे. जसजशी प्रकरणं होतील तसतशी त्यांच्याकडे जायची.

भाच्याने उपाय काढला: लॅपटॉप. पान सरकवायची भानगड नाही. दुकानातला सगळ्यात बारीक ठिपक्यांचा, सगळ्यात चकचकीत पडदा त्याने आणला. “आत्या, असा पडदा दुसरा नाही. जिवंत चित्र दिसतं!”

“मला चित्रं कुठे बघायची आहेत रे?”

पहिल्याच दिवशी दोन अडचणी आल्या. लॅपटॉप तापला आणि आतला पंखा घुंई करू लागला. तो आवाज माइकमध्ये शिरला. म्हणून लॅपटॉप काचेबाहेर, मुलीच्या टेबलावर ठेवावा लागला. आत्यांनी हनुवटी हलवली की मुलीने पुढचं पान आणायचं. दुसरी अडचण अक्षरांची. आता ती दीड हात लांब गेली होती, आणि त्या पडद्यावर आधीच मोहरीएवढी होती.

“डोळ्यांत तेल घालून वाच म्हणतात,” आत्या आतून म्हणाल्या, “इथे तेलाचा डबा ओतला तरी काही दिसायचं नाही. अक्षरं आहेत की मुंग्या?”

भाचा पुन्हा आला. म्हणाला, “सोपं आहे. रिझोल्यूशन कमी केलं, म्हणजे पडद्यावरचे ठिपके कमी आणि मोठे केले, की सगळं मोठं होतं.” त्याने केलं. अक्षरं खरंच मोठी झाली. आत्यांचा चेहरा उजळला. भाच्याच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. जवळून पाहिलं तर अक्षरांच्या कडा जरा पसरट होत्या, ओल्या कागदावर शाई फुटावी तशा. पण दिसत होतं. संचालकांनीही काचेतून बघून मान डोलावली. काम सुरू झालं.

चार प्रकरणं गेली आणि वकिलांचा फोन आला.

“आत्या, बरं नाहीये का?”

“मला काय धाड भरली आहे?”

“तुम्ही ओळ सुरू करण्याआधी श्वास धरता. अनोळखी जिन्याची पायरी चाचपावी तसा. याआधीच्या प्रकरणांत असं नव्हतं.”

फोन ठेवल्यावर आत्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग मुलीला म्हणाल्या, “खरंय त्याचं. दिसतंय, पण वाचता येत नाहीये. प्रत्येक शब्द आधी ओळखावा लागतो, मग म्हणावा लागतो. मला वाटलं डोळेच गेले. म्हणून बोलले नाही.”

संचालकांच्या कानावर हे गेलं असतं तर त्या चार प्रकरणांवरच आत्यांचं वाचन संपलं असतं. हे दोघींनाही कळत होतं. मुलीने वकिलांना फोन लावला. “शनिवारी कोर्ट नसतं ना? इकडे या. आम्हाला तुमचे कान हवेत.”

वकील आले. काठी कोपऱ्यात ठेवली, खुर्ची चाचपून बसले आणि कानांवर हेडफोन चढवला. मुलीने पडद्यावर एकच पान ठेवलं. आधी भाच्याने केलं होतं तसं. आत्यांनी वाचलं.

“नको,” वकील म्हणाले. “हीच ती पायरी.”

मग रिझोल्यूशन आणखी खाली. अक्षरं भोपळ्याएवढी झाली. ओळीत जेमतेम तीन-चार शब्द.

“आता आत्या धावताहेत आणि धापा टाकताहेत. ओळ संपते की काय सारखी?”

“संपते हो मेली,” आत्या आतून म्हणाल्या.

मग मुलीने पडदा होता तसा केला, दुकानातून आला तसा, पूर्ण बारीक ठिपक्यांचा. मुंग्या परत आल्या. पण या वेळी तिने रिझोल्यूशनला हात लावला नाही. फक्त अक्षरांचं माप वाढवत नेलं. ठिपके तितकेच बारीक राहिले. अक्षर मात्र जास्त ठिपक्यांनी भरू लागलं. कडा कोरल्यासारख्या झाल्या. काचेवर चकाकी मारते म्हणून तिने आपल्या खोलीतला दिवा बंद केला आणि पडद्याचा उजेड थोडा कमी केला. आत्यांनी त्याच पानाला पुन्हा सुरुवात केली.

वकील ऐकत होते. पान संपलं. आत्या थांबल्या नाहीत. त्यांची हनुवटी हलली. मुलीने पुढचं पान आणलं. तेही संपलं.

वकिलांनी हेडफोन काढला. “हेच ठेवा.”

“अहो, पण तुम्हाला काय कळतं पडद्यातलं?” आत्यांनी आतून दटावलं.

“काही नाही. आता तुम्ही वाचत नाही आहात, सांगता आहात. एवढं कळतं.”

आत्या हसल्या. त्यांनी ती चारही प्रकरणं पुन्हा वाचून काढली. संचालकांना ती ऐकवली, तेव्हा ते म्हणाले, “एवढ्यात आराम कसला?” भाचा येऊन पडदा बघून गेला. “मी तेच म्हणत होतो,” म्हणाला. आत्या म्हणाल्या, “हो रे बाबा, उंटावरून तसंच दिसत असेल.”

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. आत्यांचा आवाज भरून आला होता. कादंबरीतली धाकटी बहीण परतीच्या वाटेला लागली. एका दुपारी थोरलीचं एक लांबलचक वाक्य आलं. आत्यांनी ते चारदा घेतलं. चारही वेळा बरोबर होतं. त्यांना पटलं नाही.

“आज येत नाहीये हे,” त्या म्हणाल्या. “हिचा राग खरा नाही, आणि मी खरा वाचतेय. उद्या ताज्या घशाने घेऊ.”

बांगड्या घालून, घड्याळ घेऊन त्या घरी गेल्या. सकाळी भाच्याचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या. तो पुढे बोलत होता, पण मुलीला त्यातलं काही नीट ऐकू आलं नाही. ती हो, हो म्हणत राहिली.

आठवड्याने ती पुन्हा त्या टेबलाशी बसली. संचालक दारात येऊन उभे राहिले. केंद्राची पद्धत अशी की मधेच आवाज बदलत नाही. नवा वाचणारा आला तर पहिल्या पानापासून वाचायचं. ते हळूच म्हणाले, “घाई नाही.” आणि गेले.

वकिलांचा फोन आला.

“त्यांना शेवट माहीत होता का?” त्यांनी विचारलं.

“हो. पुस्तक आधी पूर्ण वाचल्याशिवाय त्या माइकसमोर बसत नसत.”

“मी दोनदा विचारलं होतं. सांगितलं नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “नवा आवाज नको. निदान इतक्यात नको.”

मुलीने कादंबरीची फाइल उघडली. शेवटी ते लांबलचक वाक्य चार वेळा होतं. चौथ्यानंतर आत्यांचा ‘उद्या ताज्या घशाने घेऊ’ हा निरोपही होता. तिने तो कापला नाही. पुढची एकशेदहा पानं अजून वाचायची राहिली आहेत.