कूलर कॉम्प्युटरकडे फिरवा

आमच्या वर्ध्यात उन्हाळ्यात माणसाची किंमत कूलरचं तोंड कोणाकडे आहे यावरून कळते. घरी पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी कूलर त्याच्याकडे फिरतो. पाहुणा "असू द्या, असू द्या" म्हणत शर्टाची वरची गुंडी काढून वारा आत घेतो, आणि घरची माणसं भिंतीला टेकून, घाम पुसत त्याच्या गावच्या पावसापाण्याची चौकशी करतात. जावई असला तर टाकीत बर्फही पडतो. एका उन्हाळ्यात आमच्या घरी हा मान कॉम्प्युटरला मिळाला. मिळवून देणारी मी.

मी तेव्हा बीएस्सी होऊन बसले होते आणि बसल्या बसल्या कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता. सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावलं होतं, देवांच्या फोटोंच्या रांगेतच, फक्त जरा खाली. त्या कोर्सात मला पत्रं टाइप करायला आणि आकड्यांच्या बेरजा करायला शिकवलं होतं. पण मोहल्ल्यात मी "कॉम्प्युटरवाली" झाले होते, आणि लोकांचा गैरसमज दूर करण्याची मला काही घाई नव्हती. कोणाचा टीव्ही बिघडला तरी मला बोलवायचे. मीही जायची, मागच्या वायरी हलवून बघायची आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे."

घरचा कॉम्प्युटर नागपूरहून जुळवून आणलेला होता. एकाच पॉइंटवर कूलर आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवायचे म्हणून त्याचं टेबल खिडकीजवळ ठेवलं होतं. मी त्यावर पुढे नोकरी मिळवणार होते. प्रत्यक्षात त्यावर बसायचे बाबा.

बाबा पवनारकडच्या एका शाळेत गणित शिकवून रिटायर झाले होते. त्यांचं फळ्यावरचं अक्षर असं, की तास संपल्यावर पुढचे मास्तर ते पुसायला कचरायचे. त्या थंडीत त्यांना उजव्या बाजूला लकवा मारला. सावंगीच्या दवाखान्यात ते लवकर सावरले, चालायलाही लागले, पण उजवा हात मागे राहिला. तिथल्या फिजिओथेरपीवाल्या मुलीनं रबराचा एक चेंडू दिला आणि दिवसभर दाबत राहायला सांगितलं. बाबांनी तो घरी येताच पलंगाखाली सारला. "मी काय निंबू पिळून राह्यलो काय?" म्हणाले.

मग एक दिवस मी त्यांना विटा फोडायचा खेळ दाखवला. कॉम्प्युटर जुळवणाऱ्यानं तो फुकट टाकून दिला होता. वर रंगीत विटांची भिंत, खाली एक पट्टी. माऊसनं पट्टी डावी-उजवीकडे सरकवायची, त्यावर चेंडू टप्पा खाऊन वर जातो आणि वीट फुटते. चेंडू खाली पडला की गेला. बाबांनी आधी नाक मुरडलं. पण एका कोनात आपटलेला चेंडू कोणत्या कोनात बाहेर येणार, हे गणिताच्या मास्तराला दिसल्याशिवाय राहतं का? दुसऱ्या दिवशी ते चहा घेऊनच टेबलाशी बसले. उजवा हात डाव्या हातानं उचलून माऊसवर ठेवायचा आणि मग हलवायचा. होळीपर्यंत तो उचलून ठेवावा लागेनासा झाला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची आणि एक शब्द बोलायची नाही, दृष्ट लागेल म्हणून. बाबांचं हरवलेलं सगळं त्या पट्टीबरोबर परत येतंय असं आम्हाला वाटत होतं.

आणि चैत्रात खेळ हँग व्हायला लागला.

चेंडू अधांतरी थांबायचा. पट्टी हलायची नाही. कधी सगळं गोठून जायचं, कधी खेळ आपोआप बंद पडून इंग्रजीत एक चौकट यायची की या प्रोग्रॅमनं इल्लीगल ऑपरेशन केलं आहे. बाबा आयुष्यात एसटीत बिनातिकीट बसलेले नव्हते. त्यांनी ती चौकट पूर्ण वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली आणि मला हाक मारली. "काऊन वं, हे इल्लीगल काय म्हणून राह्यलं? म्या काय केलं?" आतून आईनं फक्त ऑपरेशन ऐकलं. ती हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. "आता कायचं ऑपरेशन काढलं वं माय?"

मी दोघांनाही हातानंच थांबवलं. अशा वेळी मी फार बोलायची नाही. डॉक्टर बोलतात का?

पहिल्यांदा मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. हा उपाय मला अजूनही सर्वांत चांगला येतो. मग व्हायरस म्हटलं आणि खोलीत चप्पल आणायला बंदी केली, म्हणजे त्याचा काही संबंध नाही हे मला माहीत होतं, पण आईला काहीतरी पथ्य हवं होतं. मग खेळ काढून पुन्हा टाकला. मग खेळाच्या सीडीला टूथपेस्ट लावून ती पुसली. मग नागपूरच्या दुकानवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "फॉर्मॅट मारा." तो काहीही विचारलं तरी हेच सांगायचा. मी फॉर्मॅट मारला. खेळ नव्या कोऱ्या विंडोजवर पहिल्यापेक्षा टवटवीत होऊन गोठला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गरमी! बाहेर डांबर वितळत होतं, रिक्षावाले दुपट्ट्यातून फक्त डोळे दाखवत होते, तर बिचाऱ्या मशीनचं काय होत असेल? मी कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडली आणि जाहीर केलं, "कूलर कॉम्प्युटरकडे फिरवा."

तो फिरवला गेला. डब्याची उघडी बाजू, समोर कूलर, त्याच्या गवताच्या ताट्यांमधून गार ओला वारा सरळ आत. मी त्यात वाळ्याची नवी ताटी लावून घेतली. दुपारभर आमच्या घरात कॉम्प्युटरला वाळ्याचा सुगंध यायचा आणि आम्ही तिघं आंब्यासारखे पिकत बसायचो. शेजारच्या काकू आल्या तर मी त्यांच्याकडेही कूलर फिरवू दिला नाही. काकूंनी ते बरेच दिवस लक्षात ठेवलं.

खेळ मात्र आता पूर्वीपेक्षा लवकर गोठायला लागला. मी म्हटलं, गारवा अजून आतपर्यंत पोचला नाही. कूलर जवळ ओढला.

हळूहळू बाबा टेबलाशी यायचे थांबले. मी बोलावलं की "आता नाई" म्हणायचे. हात पुन्हा मांडीवर पडून राहायला लागला. मला त्यांचाही राग यायचा. मी एवढा घाम गाळून मशीन दुरुस्त करते आहे आणि पेशंट पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलाय.

एका दुपारी आई आतून आली, पदर खोचला, आणि कूलरचं स्टँड धरून तो करकरत बाबांच्या पलंगाकडे फिरवला.

"आई! काय करून राह्यली तू? प्रोसेसर तापन ना!"

"तापू दे. मशीनीले गार हवा अन् माणसाले घाम, हे कोण्या कोर्सात शिकवलं तुले? माणूस उकडून राह्यला तिकडं."

"अगं पण खेळ सुरू नाही झाला तर बाबांचा हात..."

आई माझ्याजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "खेळाचं नको सांगू मले. त्यायले काय वाटते, मालूम हाय का तुले? त्यायले वाटते, हात थांबते म्हणून खेळ थांबते. मले म्हणे, दाबतो तर हलत नाई, पुन्हा तसंच झालं वाटते हाताले. रोज अर्ध्यातच माहा हात जाते, म्हणे."

मी रोज त्या चौकटीतली इंग्रजी अक्षरं वाचत होते, आणि बाबा त्याच वेळी शेजारी बसून स्वतःच्या हाताकडे बघत होते. हँग म्हणजे काय हे मी साऱ्या मोहल्ल्याला समजावून सांगितलं होतं. घरी सांगायचं राहून गेलं होतं.

पण मी कॉम्प्युटरवाली होते. लगेच उपाय काढला. मी स्वतः खेळणार. माझ्या धडधाकट हातात खेळ गोठला की बाबांना आपोआप कळेल की दोष त्यांचा नाही. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "बाबा, इकडे बघा बरं जरा, हे कसं अडकतं ते दाखवते." ते कुशीवर वळले. आई दारात उभी राहिली. मी खेळ सुरू केला आणि जन्मात पहिल्यांदा मनातल्या मनात देवाला विनवलं, देवा रे, होऊ दे हँग.

तो मेला होईना. पहिली भिंत फुटली. दुसरी फुटली. मी आजवर कधी तिसऱ्या भिंतीपर्यंत गेले नव्हते, तीही फुटायला लागली. मी माऊस आपटला, मुद्दाम वेडीवाकडी पट्टी पळवली, तर चेंडू प्रत्येक वेळी इमानेइतबारे तिच्यावरच येऊन पडला. इतकं चांगलं मी पुन्हा कधीच खेळले नाही.

बाबा पलंगावरून शांतपणे म्हणाले, "पाह्य. तुह्या हातानं चालते." आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

आई माझ्याकडे अशी बघत होती की मी टेबलाखाली शिरायला तयार होते. मी चिडून खुर्ची मागे सारली. खरंच चिडले होते, कॉम्प्युटरवर, देवावर, त्या तिसऱ्या भिंतीवर. रोज अडकणाऱ्या या गाढवाला आजच शहाणपण का सुचावं? रोजच्यापेक्षा आज वेगळं काय आहे? आणि तेवढ्यात माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली गेला. टेबलाशी बसून मला घाम येत होता. वेगळं होतं ते हेच. कूलर बाबांकडे होता.

मी उठले आणि कूलर पुन्हा डब्याकडे फिरवला. आईनं तोंड उघडलं, तिला म्हटलं, "थोडा वेळ. फक्त चहा होऊ दे." मी पुन्हा खेळायला बसले. चहाला उकळी आली नसेल, तोच चेंडू अधांतरी थांबला. माझा हात माऊसवर, माऊस हलतोय, पट्टी जागची हलत नाही.

"हँग झाला!" मी ओरडले. "बाबा, हँग झाला! माझ्या हातात हँग झाला! या ना, पाहा ना!" मी टाळ्या वाजवत होते. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या, त्यांना वाटलं नोकरी लागली.

बाबा उठून आले. त्यांनी माझा हात बाजूला केला, माऊस डावी-उजवीकडे हलवून बघितला, पट्टी हलली नाही. मग स्वतःचा हात उचलून बोटं उघडमीट करून बघितली. ती हलत होती. "म्हणजे हेच अटकते," ते म्हणाले. "मी नाई." मला रडू आलं. डोळे मी घाम पुसतेय असं दाखवून पुसले.

सगळं बंद करून मी डब्यात टॉर्च मारला. आत प्रत्येक पट्टीवर, प्रत्येक तारेवर पांढरा खार जमला होता, पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला जमतो तसा. आमच्या बोअरचं खारं पाणी कूलरनं तुषार करून आत उडवलं होतं; ओला वारा लागला की तो खार ओलावायचा आणि मशीन अडखळायचं. चैत्रात कूलर खिडकीजवळ लागला तेव्हापासून थोडं थोडं, आणि माझ्या उपचारानंतर बदाबदा. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, इथं इलाज हाच रोग होता, आणि त्याला मी वाळ्याची नवी ताटी लावून दिली होती.

डबा दोन दिवस उन्हात नाही, पण कोरड्या खोलीत उघडा ठेवला, ब्रशनं झाडला. दुकानवाल्याला फोन केला. "फॉर्मॅट मारा," तो म्हणाला, आणि मी फोन ठेवायच्या आत, "नाईतर रॅम काढून खोडरबरनं घासा." रॅम म्हणजे बोटभर लांबीची हिरवी पट्टी, तिच्या कडेला सोनेरी दात. ते काळवंडले होते. मी खोडरबर घेऊन घासायला लागले.

"अशी नको घासू," बाबा म्हणाले. "कागद फाटते अशानं." आयुष्यभर पोरांना हेच सांगितलेलं. "आन इकडं." त्यांनी पट्टी डाव्या हातात धरली, खोडरबर उजव्या हातात घेतलं, चिमटीत, आणि एकाच दिशेनं, हलक्या हातानं, एकेक दात पुसायला लागले. मध्येच खोडरबर पडलं. ते वाकून उजव्याच हातानं उचललं. आई दारातून बघत होती.

त्यानंतर कूलर आईकडे तोंड करून राहिला आणि डब्याला टेबलफॅन मिळाला. बाबा पुन्हा बसले. पहिली भिंत फोडली. दुसऱ्या भिंतीला चेंडू कोपऱ्यातून वेगळ्याच कोनात आला, पट्टी वीतभर मागे राहिली आणि चेंडू खाली पडून गेला. मी श्वास धरून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हाताकडे पाहिलंच नाही. पडद्याकडे बघून ते मोठ्यानं हसले.

"हे मात्र मीच चुकलो," बाबा म्हणाले. "लाव पुन्हा."