मिठागरवाल्याचं अळणी ताट

पेणला खाडीकाठी आमच्या शेजारी एक मिठागरवाला राहतो. घाम पुसून रुमाल झटकला तर किलोभर मीठ पडावं असा गडी! बोलतो असा, जणू ऐकणारा खाडीपलीकडे उभा आहे. गेल्या वर्षी त्याच्या हृदयानं एक झटका दिला आणि डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं. यानं त्याच दिवशी घरातली मिठाची बरणी आमच्या ओट्यावर आणून आदळली.

त्याची डाळ अळणी, भाजी अळणी, तरी रक्तदाब काही उतरेना. मग एकदा त्याच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, त्याचं ताट नीट पाहिलं. भाकरीखाली भाजलेला खारा बांगडा, वर दोन पापड!

"अवो, हे काय?"

"यात मीठ कुठं हाय गो? ही तर मासळी!"

"मग ती काय साखरंत खारवलीय?"

त्याच्या चेहऱ्याला जी ओहोटी लागली, तिच्यात चार होड्या गाळात बसल्या असत्या. पण तासाभरात तो बांगड्यांचा डबा घेऊन आमच्याकडे हजर. "हे पण बंद! मला अजून मिठाचं आगर पिकवायचं हाय." मग तिथंच ओट्यावर बसून तो घरून आणलेली नाचणीची भाकरी आणि लिंबू पिळलेलं वालाचं अळणी बिरडं खाऊ लागला. मी डब्यातल्या भाजलेल्या बांगड्याचा तुकडा तोंडात टाकला. त्याच्या नाकपुड्या भात्यासारख्या हलल्या.

"कसा लागतो रं?"

आयुष्यभर थापा मारल्या, पण इतकी अवघड थाप कधीच नव्हती. "गवत चघळल्यासारखा."

"खोटारड्या मेल्या," तो म्हणाला आणि त्यानं बिरड्यावर दुसरं लिंबू पिळलं.