सॉर्टिंगबाई आणि ‘ठीक’चं बटण

सॉर्टिंगबाईंनी कधीच कशाला ‘चांगलं’ म्हटलं नाही. बाजारात वांगं उलटंपालटं करून बघत आणि म्हणत, “अजून तं काई दिसलं नाई.” भाचीला पाहायला आलेल्या मुलाबद्दलही त्यांचं मत एवढंच होतं. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात त्यांची उमर सॉर्टिंगमध्ये गेली होती. कापलेल्या कागदांची चळत पुढ्यात घ्यायची, एकेक ताव अंगठ्यानं उचलायचा आणि डाग, सुरकुती, भोक दिसलं की बाजूला काढायचा. काम सुटून वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना दुसरं नाव नव्हतं.

मी त्यांच्या शेजारी राहायचे. नागपूरच्या एका लहान कंपनीचं काम घरूनच करायचे. खेड्यापाड्यांतल्या लोकांसाठी कंपनी खरेदीचं ॲप बनवत होती. बाजारात येण्याआधीची प्रत्येक आवृत्ती दहा साध्या माणसांच्या हाती द्यायची आणि ती कुठे अडतात ते लिहून पाठवायचं, हे माझं काम. नऊ जण मिळाले ते मैत्रिणी नि चुलतभावंडं. त्यांचं उत्तर ठरलेलं, “मस्त!” दहावं माणूस म्हणून मी भिंतीपलीकडे हाक मारली.

“म्हणजे माल अजून बाहेर गेला नाई?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मंग दे. बाहेर गेल्यावर कोण आयकते?”

पहिल्याच दिवशी त्या दारातच अडल्या. ॲप उघडायला बोटाचा ठसा लागायचा आणि फोन काही त्यांना ओळखेना. मी म्हटलं, “बाई, बोट जरा पुसून ठेवा.”

“पुसलेलंच हाये,” असं म्हणून त्यांनी हात माझ्यापुढे धरला. बोटांची टोकं गोट्यांसारखी गुळगुळीत होती. “कागदानं पुसलं. माह्या संगच्या साऱ्या बायाईचं असंच हाये.”

मी ते लिहून पाठवलं. पुढच्या आवृत्तीत चार आकडे टाकून आत जायची सोय आली.

मग त्यांनी ॲपला सळो की पळो केलं. ऑर्डर अर्ध्यावर असताना फोन बंद करत. जिथे रेंज जाते त्या मोरीत मुद्दाम जाऊन बटण दाबत. एकच वस्तू तीनदा घेऊन तीनदा परत ठेवत. दर आवृत्तीत काहीतरी निघायचंच. शेवटच्या आवृत्तीत त्या एका जागी थांबल्या. ऑर्डर काढून टाकण्याआधी ॲप विचारायचं, ‘ऑर्डर रद्द करायची आहे का?’ खाली दोन बटणं होती, ‘रद्द’ आणि ‘ठीक’.

“मले ऑर्डर ठेवाची हाये. कोणतं दाबू?”

“‘रद्द’ दाबा.”

“ठेवाची हाये म्हणली मी.”

“हो, म्हणजे तो प्रश्न रद्द.”

त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. “तुले समजते, तू आतली हायेस म्हणून.”

ॲप बाहेर पडायला दोन दिवस उरले होते. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं की आता नवीन काही काढू नका. मी ती चूक पाठवलीच नाही. संध्याकाळी बाईंनी विचारलं, तेव्हा म्हटलं, “सांगितलंय वर.”

महिनाभरानं त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या बहिणीची सून वनिता गोंडपिपरीजवळच्या गावात राहायची. तिची लेक तालुक्याला वसतिगृहात जाणार, म्हणून वनितानं बाईंच्या भरवशावर ॲपवरून बूट मागवले होते. पाहता पाहता बोट भलतीकडे पडलं आणि तो प्रश्न आला. राहू दे, ठीक आहे, म्हणून तिनं ‘ठीक’ दाबलं. बूट आलेच नाहीत. पोरगी झिजलेल्या चपलेवरच वसतिगृहात गेली.

“तू वर सांगतलं होतं ना?” बाईंनी विचारलं.

“नाही सांगितलं, बाई.”

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या उंबऱ्यावरच बसल्या. “मीबी एक बार कारखान्यात पाळी सुटाच्या घाईत फाटका ताव जाऊ देला होता,” त्या म्हणाल्या. “गठ्ठा परत आला. बोलणे खाल्ले माह्या बाजूच्या बाईनं. मी गप्पच बसली. तिले अखेरपर्यंत सांगतलं नाई, अन् मंग ते मेली.” माझ्या फोनकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “तू आत्ता लिव्ह. मी बसते इथी.”

मी लिहिलं. चूक कधी सापडली आणि कुणी दाबून ठेवली, तेही लिहिलं. साहेब फोनवर वाटेल ते बोलले. बाई शेजारीच बसून ऐकत होत्या. पुढच्या आठवड्यात बटणं बदलली. ‘ऑर्डर राहू द्या’ आणि ‘ऑर्डर नको’ हे शब्द बाईंचेच.

एवढ्यावर त्यांनी मला सोडलं नाही. रविवारी दुकानातून बूट घ्यायला लावले आणि एसटीनं गोंडपिपरीला नेलं. वसतिगृहाच्या पायरीवर पोरीच्या पायात बूट घालून मी नाडी बांधली, तेव्हा ती हळूच म्हणाली, “मावशी, हे परत तं नाई जात?” मी दुसऱ्या बुटाची नाडी ओढून घट्ट केली. बाईच म्हणाल्या, “नाई वो माय.”

पुढे सूरजागडच्या खाणीवर गाडी चालवणाऱ्या बाईंच्या मुलानं त्यांना एटापल्लीला नेलं. मी नोकरी बदलली. एकदा भेटायला गेले तेव्हा मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसेनासं झालं होतं. तरी त्यांनी विचारलंच, “आता काय करून राह्यली? वाचून दाखव.”

खाटेवर बसून मी नव्या ॲपचा एकेक शब्द वाचत गेले. ‘आपला पत्ता अवैध आहे’ इथे त्यांनी हात वर केला.

“थांब. मागवणारीनं पत्ता बराबरच लिव्हला असन. तुमाले सापडत नाई, तं तिले काऊन खोटं पाडता?”

मी तिथेच ते वाक्य खोडलं. ‘हा पत्ता आम्हाला सापडत नाही. जवळची एखादी खूण सांगाल का?’ असं नवं वाक्य वाचून दाखवलं. पुढचं वाच, अशी त्यांनी फक्त मान हलवली.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. मला कळलं तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. आता कुठलीही आवृत्ती बाहेर सोडण्याआधी मी दार लावून घेते आणि ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचते. कुणी ‘थांब’ म्हणेल म्हणून मध्ये मध्ये थांबतेही.