नव्या जिल्ह्याच्या नंबरची फियाट

उदगीर जिल्हा अजून झाला नाही याला सरकार जेवढं जबाबदार आहे तेवढेच आमचे मामाही आहेत, असा माझा जाहीर आरोप आहे. जिल्हा मागायचा तर माणसाला चिडता आलं पाहिजे, रस्त्यावर बसता आलं पाहिजे. निदान कपाळाला आठी तरी पडावी! मामांच्या कपाळावर आडव्या रेघा असत त्या फक्त भस्माच्या. इतक्या समाधानानं वाट बघणारा एक जरी नागरिक गावात असला तरी कुठलंही सरकार घाई करणार नाही. हे मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. चौकातल्या किराणा दुकानाचे मालक, आणि घरापुढच्या अंगणात इंजिन खोलून ठेवलेल्या एका जुन्या फियाटचेही मालक. गाव सोडताना एका डॉक्टरांनी ती त्यांच्या गळ्यात घातली, आणि तेव्हापासून मामा ती ‘तयार करून राहिले’ होते.

तयार करण्याची त्यांची पद्धत अशी. सकाळी लिंगपूजा आटोपली की स्वतःच्या कपाळावर भस्माची तीन बोटं ओढायची आणि त्याच हातानं तीन गाडीच्या बॉनेटवर. मग एखादा पार्ट उचलायचा, धोतराच्या सोग्यानं पुसायचा, उन्हात धरून डोळे भरून बघायचा आणि परत डब्यात ठेवायचा. डबे अर्थातच दुकानातले. एकदा चतुर्थीला शेजारच्या काकू साबुदाणा घ्यायला आल्या, मामांनी गप्पांच्या नादात डबा उपडा केला आणि तराजूत बेअरिंगचे छर्रे खणखणले. काकूंनी एक छर्रा चिमटीत धरून शांतपणे विचारलं, “शेटजी, हे किती येळ भिजू घालायचं?” मामा तितक्याच शांतपणे म्हणाले, “रातभर. पण रॉकेलमदी.”

एकदा कंधारला फियाटचं दार मिळतंय असं कळलं. मामा एसटीनं गेले आणि एसटीनंच दार घेऊन आले. टपावर टाकलं तर पोचे पडतील म्हणून ते खिडकीशी उभं केलं, स्वतः शेजारी बसले आणि वाटभर त्याची काच खालीवर करून बघत राहिले. कंडक्टर आला. त्यानं आधी मामांकडे बघितलं, मग दाराकडे. म्हणाला, “काका, काच खाली घ्या, तिकीट देतो.” मामांनी खरोखरच हँडल फिरवून काच खाली घेतली. पुढं गावापर्यंत सगळी एसटी हसत आली म्हणे. मामांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. काच नीट उतरत होती, हीच त्यांच्या मते त्या प्रवासातली बातमी.

मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. दार आलं, काचा आल्या, चाकं तर मामांनी दुकानदाराच्या पोटासारखी टम्म ठेवलेली. मग इंजिन का बसत नव्हतं? उदगीर जिल्हा व्हावा म्हणून पत्रकं काढणाऱ्या, सभा घेणाऱ्या आम्हा पोरांना प्रचाराला भोंगा लावून फिरायला एक गाडी हवीच होती. शेवटी मी सरळ विचारलं.

“मामा, गाडी पुरी कामून करत न्हाईत?”

“नंबर कुटला लावू? ही पाटी उस्मानाबादची. लातूर नवा जिल्हा झाला तवा बदलायची राहून गेली. आता उदगीर झाला की एकदम उदगीरचाच नंबर. पहिला.”

“आणि न्हाई झाला तर?”

“तू हाईस की. पत्रकं कशाला छापतूस मग?”

म्हणजे मी जिल्ह्यासाठी गाडीकडे बघत होतो आणि गाडी जिल्ह्यासाठी माझ्याकडे!

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षीची गोष्ट. आमच्या गल्लीत टँकर शिरत नसे, तोंडाशीच उभा राही. ज्याच्या अंगणात मोठी टाकी असेल त्याला लांब पाइप टाकून भरून देई. बाकीच्यांनी घागरी घेऊन रांगेत उभं राहायचं. आत्याचे गुडघे कधीच गेलेले. आणि टाकी बसेल एवढ्या एकुलत्या एक जागेवर फियाट! आत्यानं दोन उन्हाळे हे सोसलं होतं. आता तिनं दम भरला, “आवं, एक तर ही तरी ऱ्हाईल, न्हाई तर मी तरी. सोमवारी भंगारवाल्याला बोलीवलंय.” मी आत्याच्या बाजूनं होतो. माणसाला प्यायला पाणी नाही आणि लोखंडाला रोज भस्म, हा अन्यायच होता. तोंडावर बोललोही तसं. मामा म्हणाले, “बराबर हाय तुझं,” आणि पाना पुसत राहिले.

सोमवारी भंगारवाला बशीरभाई आला. गाडीभोवती फिरून म्हणाला, “क्या शेठ, उठाऊं?” मामांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. पुढचं सगळं इतक्या झटक्यात झालं की हेच का ते मामा, असं मला वाटलं. त्यांनी गाडीची मागची सीट उपसून काढली, दोन निळे ड्रम आत बसवले, आत्याला दंडाला धरून स्टिअरिंगमागे बसवलं आणि मागून ढकलायला लागले. “आवं, मला येतंय का हे!” आत्या ओरडली. “सरळच जायचंय,” मामा म्हणाले. मी ढकलायला लागलो, बशीरभाईही लागला. इंजिनाविना फियाट थेट टँकरपाशी जाऊन थांबली. म्हणजे मी चाकापुढे वीट टाकली म्हणून थांबली. ब्रेक नव्हता.

त्या उन्हाळ्यात भंगाराचा विषय कुणी काढला नाही. टँकर आला की आत्या पदर खोचून गाडीत बसे; परत उलटी ढकलत आणताना तेवढं स्टिअरिंग मामा धरत. गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या घागरीही आत येऊ लागल्या. “पुडचं बगा की, बाजूला सरका!” हे ती इतक्या जोरात म्हणे की आमच्या सभेला असा आवाज मिळाला असता तर जिल्हा कधीच झाला असता. मामा मागून ढकलत, घामानं निथळत, आणि तिच्याकडे असे बघत जसे पूर्वी फक्त पार्टकडे बघत.

मग एक दिवस भरल्या ड्रमांच्या वजनानं मागचा अॅक्सल तुटला. गाडी एका कुशीवर बसली, दोन्ही ड्रम कलंडले, आणि पाणी गल्लीतून वाहत गेलं. सगळ्यांनी ते जमिनीत जिरेपर्यंत बघितलं.

“निलंग्याला मिळतोय अॅक्सल,” संध्याकाळी मी म्हणालो. “मी घेऊन येतो, मामा.” हे मी म्हणत होतो, मी!

मामांनी मान हलवली. “न्हाई रे भाच्या. ही नीट व्हायची वाट मी बगीन, मला सवय हाय. पण तवर तुझ्या आत्यानं घागर घेऊन रांगेत उभं ऱ्हायचं, हे काय खरं न्हाई.” दुसऱ्या दिवशी त्यांनीच बशीरभाईला निरोप पाठवला. गाडी टेम्पोत चढवताना दार कुठं घासू नये म्हणून आपलं उपरणं मधे धरलं.

आता तिथं काळी टाकी आहे. पाइप थेट आत येतो, आत्याला उंबऱ्याबाहेरही जावं लागत नाही. परवा ती टाकीची तोटी सोडून घागर भरत होती, मी ओट्यावर बसलो होतो, मामा तांदूळ निवडत होते. घागर भरली तरी ती उठली नाही.

“गाडी सरळ न्यायला आलं मला,” ती म्हणाली. “मागं घ्यायचं तेवडं शिकायचं ऱ्हायलं बग.”

मामांनी सुपातून मान वर केली नाही. पण हात थांबला होता.