वडिलांच्या नावाची ढाल

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काच्या स्पर्धेत जिल्ह्यात पहिला येईल त्याला दरवर्षी वडिलांच्या नावाने ढाल द्यायचं मी जाहीर केलं. खरं तर ती मलाच जिंकायची होती. मग स्पर्धा घेणाऱ्या आमच्या क्लबने सांगितलं, बक्षीस देणाऱ्याला ते घेता येत नाही. वडिलांचं नाव दिलेलं, माघार कशी घेणार? तेव्हापासून गंगापूर रोडचा एक डेंटिस्टच जिंकतोय. स्पर्धेत जितक्यांशी संपर्क होईल तितके गुण; तो रेडिओवर मलाही हाक मारतो आणि उत्तर देऊन मीच त्याचे गुण वाढवतो! यंदा ढाल हातात दिली, तर म्हणाला, “काका, शोकेसमध्ये जागाच नाही. राहू द्या तुमच्याकडेच.” आता ती माझ्या रेडिओशेजारी आहे. येणारा प्रत्येक पाहुणा माझं अभिनंदन करतो.