डिंप्नाचा भाग

डिंप्नाने आयरिश शिकायला घेतली ती नातवंडे झाल्यावर, आणि तीही चुकीच्या माणसाकडून, असे देशाच्या उत्तर टोकाच्या ग्वीडोर गावात सर्वांचेच मत होते. मोनाहनहून लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्याजवळ इंग्रजीखेरीज दुसरी भाषा नव्हती. घर आयरिश बोलणारे. तिने चुकून एखादा शब्द उच्चारला की नणंद रोशा हसू लपवायला चुलीकडे वळे. डिंप्नाने मग तोंड उघडणेच सोडले, आणि घरातले सारे विनोद वर्षानुवर्षे तिच्या डोक्यावरून गेले.

सासू, नाब्ला, अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या पायाची पट्टी बदलायला गोबनिट नावाची नर्स येऊ लागली. ती केरीची, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाची. पट्टी बांधता बांधता ती डिंप्नाला शब्द देई. 'अरॉन' म्हणजे पाव, भार शेवटावर.

"आरन!" नाब्ला पलंगावरून गरजे. तिचा भार आरंभावर, शेवट आखूड. "केरीची माणसं शब्दाला शेपटीला धरून ओढतात."

"आणि तुम्ही शेपूटच कापून टाकता, आजी!"

या भांडणाची दोघींनाही गोडी लागली होती. डिंप्नाला दोन्ही उच्चार ओळखता येऊ लागले. जिभेवर मात्र जिने शब्द हातात ठेवला तिचाच, गोबनिटचाच, बसला.

एका दुपारी नाब्लाने तिचा हात धरला. "पोरी, मी गेले की जपमाळेचा शेवटचा भाग तू सांगायचास. आयरिशमध्ये."

"मी? रोशा मला घराबाहेर काढील."

"काढू दे. मला निरोप देताना घरातलं एकही माणूस मुकं राहायला नको."

हिवाळा सरता सरता नाब्ला गेली. तिला पुढच्या खोलीत शवपेटीत ठेवले. शेजारपाजारच्या खुर्च्या आल्या, चहाची किटली चुलीवरून उतरेना. माळेचे पाच भाग घरच्यांत वाटले जातात. सांगणारा प्रत्येक प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणतो, उत्तरार्ध सारे घर पुरा करते.

रोशाने तिला स्वयंपाकघरात गाठले. "शेवटचा भाग शेजारचा मॅनस सांगेल. तुला सांगायचाच असेल तर इंग्रजीत सांग."

"आईंनी आयरिशमध्येच सांगायला सांगितलंय."

"तुझी आयरिश! मरियामातेचं नाव आम्ही ओठ गोल करून घेतो. तू त्या नर्ससारखे ओठावर दात रोवतेस. आईच्या पेटीसमोर माउलीचे चावे घेणार आहेस?"

डिंप्नाचा नवरा युनन किटलीत पाणी भरू लागला.

"घेईन," डिंप्ना म्हणाली. "पण माझा भाग मॅनसला देणार नाही."

चौथा भाग संपला. मॅनसने घसा खाकरला. त्याने तोंड उघडण्याआधीच डिंप्नाने 'आमच्या बापा' या प्रार्थनेची सुरुवात केली. आवाज कापत होता. उच्चार जागचे हलले नाहीत. पूर्वार्ध संपवून ती थांबली. उत्तरार्ध रोजच्या पावाच्या मागणीने सुरू होतो. कोणीच तो उचलला नाही. डोकी रोशाकडे वळली. डिंप्नाने आपले वाक्य परत घेतले नाही, की घरादाराच्या वाट्याचे स्वतः म्हणून टाकले नाही. गुडघ्यांवर ताठ राहून ती वाट पाहत राहिली. मृताच्या उशाशी अर्धी प्रार्थना तशीच लोंबकळत ठेवणे मात्र रोशाच्याने होईना. तिने तो उत्तरार्ध उचलला. 'आरन'चा आरंभ हातोड्यासारखा आपटला, आणि मागोमाग सारे घर आले.

मग मण्यामागून मणी सरकला. मरियेचे नाव पूर्वार्धात येते, उत्तरार्धातही. डिंप्ना ते दात टेकवून घेई, घर ओठ गोल करून. एकदाही ती घराच्या उच्चाराकडे वळली नाही, घरही तिच्या उच्चाराकडे वळले नाही. शेवटच्या मण्यापर्यंत तिच्या आवाजातला कंप गेला होता.

लोक उठले. रोशा पावाच्या लोणी लावलेल्या चकत्यांची ताटली घेऊन फिरत फिरत डिंप्नापुढे येऊन थांबली. डोळे सुजलेले, हनुवटी वर.

"आरन?"

"अरॉन," डिंप्ना म्हणाली, आणि दोन चकत्या उचलल्या.